यादीतलं शेवटचं नाव

विनोद ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा निघाला. कॅनडातल्या विंडसरच्या त्यांच्या घरात साठ-साठ वर्षांपूर्वीचे इंग्रजी विनोदी चित्रपट, रेडिओवरच्या श्रुतिका आणि टीव्हीवरच्या मालिका अखंड चालू असत, पण त्या घरात हशा मात्र कधी ऐकू येत नसे. म्हणजे लंडनच्या स्टुडिओतले प्रेक्षक हसत. ते बिचारे तिकीट काढून आलेले, त्यांना काका काही करू शकत नव्हते. घरातल्या माणसांनी मात्र गप्प बसायचं. काका स्वतः ताठ बसत, हात गुडघ्यांवर, मान किंचित कललेली, एखाद्या जुन्या गवयाचा विलंबित ख्याल ऐकावा तसे. एखाद्या नटानं फारच कमाल केली तर काका एकदा, फक्त एकदा, मान हलवत आणि म्हणत, ‘‘थांबला पाहा कसा!’’ ही त्यांची सर्वोच्च दाद. तिच्या वरची पदवी नव्हती.

आमचं लग्न होऊन मी ओकव्हिलला आलो, त्यानंतर सहा महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. साडेतीन तास गाडी चालवून पोचलो होतो आणि वाटेत बायकोनं कुठेही काही खाऊ दिलं नव्हतं, कारण मावशीच्या हातचं जेवण. काकांनी दारातच माझा कोट काढून घेतला, तो खांद्यांवर धरून झटकला, आणि अत्यंत अदबीनं मला टीव्हीसमोर नेऊन बसवलं. ‘‘जेवण काय, रोजचंच हाय. आधी हे पाहा.’’ काळापांढरा चित्रपट होता. एका खेड्यातलं रेल्वे स्टेशन, एक म्हातारा स्टेशनमास्तर. तो दारातून आत आला आणि मला हसू आलं. काकांनी टेप थांबवली.

‘‘जवाईबापू, तुम्ही कायले हसले?’’

‘‘विनोद झाला ना, काका.’’

‘‘झाला नाही, व्हायचा आहे. तुम्ही त्याच्या टोपीले हसले. टोपीले तं कोणीही हसते.’’

टेप मागे गेली. स्टेशनमास्तर पुन्हा आत आला. या वेळी मी हसलो नाही. मग काकांनी मला त्यांचा सिद्धांत सांगितला. विनोद वाक्यात नसतो, वाक्याच्या आधी नट जो क्षणभर थांबतो, त्या थांब्यात असतो. वाक्य म्हणजे नुसती पोचपावती. प्रेक्षक हसतात वाक्याला. खरा रसिक हसला पाहिजे थांब्याला, म्हणजे वाक्य यायच्या आधी. ‘‘असा माणूस लाखात एक. मी अजून पाह्यला नाही. मी सोता बी नाही,’’ ते म्हणाले, आणि ज्याला थांबा कळत नाही त्यानं हसून इतरांचा थांबा बिघडवू नये म्हणून या घरात कोणी हसत नाही, असा खुलासा केला. दीड तासाचा चित्रपट साडेतीन तास चालला. माझी बायको स्वयंपाकघरात केव्हाच जेवून मोकळी झाली होती. तिला लहानपणापासून माहीत होतं. मावशी आमच्याकडे पाठ करून टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मधूनमधून त्यांचे खांदे हलत. जुनं घर आहे, हीटिंग नीट पोचत नसेल, असं मी समजलो.

‘‘मावशी, तुम्ही नाही पाहत?’’ मी जेवताना विचारलं.

‘‘मले काय समजते त्यातलं,’’ मावशी म्हणाल्या आणि त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

काका मूळचे अकोल्याचे. त्यांचं मराठी थेट अकोल्याच्या बसस्टँडवरचं आणि इंग्रजी एखाद्या उमरावाच्या दिवाणखान्यातलं. दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. याचं कारण असं, की सत्तरच्या दशकात इंजिनिअर होऊन ते इथे आले तेव्हा त्यांच्याकडे पुस्तकातलं इंग्रजी होतं, पण बोलतात कसं ते माहीत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात बोलायला माणूसही नव्हता. होता तो रेडिओ आणि घरमालकानं टाकून दिलेला टीव्ही, आणि दोन्हींवर हे इंग्रज विनोदवीर. काकांचा प्रामाणिक समज झाला की कॅनडात सगळे असंच बोलतात. त्यातही त्यांना बटलर, म्हणजे उमरावांच्या घरचे अदबशीर चाकर, फार आवडले, कारण बटलर स्पष्ट बोलतात. त्यामुळे मोटारींच्या कारखान्यात मुलाखतीला गेल्यावर काकांनी प्रथम साहेबाची खुर्ची मागे ओढून त्याला बसवलं, हवामानाबद्दल दोन समाधानाचे शब्द काढले, आणि बसायला सांगितल्यावरही ‘‘मी उभाच बरा, सर,’’ म्हणून भिंतीशी उभे राहिले. साहेबानं त्यांना घेतलं. का घेतलं हे त्यानं कधी सांगितलं नाही. पुढे तीस वर्षं काका तिथे होते. असेंब्ली लाइन बंद पडली की इतर सुपरवायझर शिव्या देत. काका दोन हात मागे बांधून पुढे येत आणि जाहीर करत, की सज्जनहो, आपला पट्टा आज किंचित अस्वस्थ आहे, तरी आपण कॉफी घेतल्यास हरकत नसावी. कामगार त्यांना ‘लॉर्ड’ म्हणत. ही थट्टा आहे हे काकांना काही वर्षांनी कळलं, पण तोवर थट्टेतली थट्टा संपून गेली होती. निवृत्त झाले तेव्हा कामगारांनी वर्गणी काढून त्यांना काळी गोल बोलर हॅट दिली. ती घालून, टाय लावून काका घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसत. शेजारचा पोर्तुगीज म्हातारा पहिल्या बर्फाला कॅमेरा घेऊन बाहेर येई.

पण बटलर हे फक्त प्रवेशद्वार होतं. काकांचं खरं दैवत होतं ते यादीतल्या शेवटच्या माणसांचं. नायक-नायिका, ज्यांची नावं पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतात आणि पुढे ज्यांना राणी सर वगैरे करते, त्यांच्याबद्दल काकांना कीव वाटे. ‘‘त्यायले तं अख्खा सिनेमा देला होता. त्यात काय विशेष!’’ जो एकदाच येतो, दोन वाक्यं बोलतो आणि निघून जातो, तो खरा नट. अशा नटांची काकांनी एक जाडजूड वही केली होती. त्यात विभाग होते: पाद्री, हवालदार, हॉटेलचे कारकून, बहिरे कर्नल, चहाच्या गाड्यावरच्या बाया, आणि एक स्वतंत्र विभाग ‘दारं उघडणारे’. प्रत्येकाचं नाव, कोणकोणत्या चित्रपटात किती सेकंद दिसला, कसा थांबला. घराच्या छपरावर एक भला मोठा अँटेना होता, त्याचं तोंड नदीपलीकडे डेट्रॉइटकडे, कारण तिकडचं एक चॅनेल शनिवारी हे जुने कार्यक्रम लावी. अमेरिका या देशाचा काकांना माहीत असलेला हा एकमेव उपयोग. तिथून टेप केलेल्या कॅसेट तळघरात भिंतभर लागल्या होत्या.

हा सिद्धांत त्यांनी टीव्हीपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. एका वर्षी तिथल्या मराठी मंडळानं गणेशोत्सवात त्यांना आभारप्रदर्शन दिलं. आभारप्रदर्शनात कुणाचं काही बिघडत नाही, असा मंडळाचा अंदाज. अध्यक्षांनी त्या दिवशी रेशमी उपरणं घेतलं होतं, त्यांचं स्वतःचं भाषण पन्नास मिनिटं झालं होतं आणि ते पहिल्या रांगेत आपलं नाव ऐकायला सज्ज बसले होते. काकांनी यादी खालून सुरू केली. पातेली घासणाऱ्या दोघी, पार्किंगमध्ये थंडीत उभा राहिलेला विद्यार्थी, वॉशरूममध्ये कागदाचे रोल भरणारे गृहस्थ. प्रत्येकाला उभं केलं, प्रत्येकानं काय केलं ते सांगितलं, मध्ये योग्य तितके थांबले. सभागृहाची वेळ संपली तेव्हा ते खुर्च्या मांडणाऱ्यांपर्यंत आले होते. हॉलच्या माणसानं दिवे घालवायला सुरुवात केली. अध्यक्षांचं नाव राहिलं ते राहिलंच. काकांना पुढे कधी माईक मिळाला नाही, पण दुसऱ्या वर्षी पातेली घासायला नऊजणी आल्या.

आणि आता ती कॅसेट. हिच्याबद्दल सांगितल्याशिवाय काकांबद्दल सांगण्यात अर्थ नाही. ‘दारं उघडणारे’ या विभागात सगळ्यात वर एक नट होता, ज्याचं नाव इंग्लंडमध्येही कुणी सांगू शकलं नसतं. जन्मभर त्यानं गॅसचं मीटर वाचायला आलेला माणूस किंवा तत्सम काही केलं. एकदाच, रेडिओवरच्या एका मालिकेच्या एका भागात, त्याला सलग सात मिनिटं मिळाली. तो भाग लंडनवाल्यांनी पुढे पुसून टाकला. त्या काळी टेप महाग, म्हणून जुन्यावर नवीन भरत. पण त्याआधी तो इथल्या रेडिओवर एका रविवारी दुपारी लागला होता, आणि नुकतेच लग्न करून मावशींना घेऊन आलेल्या काकांनी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर हातात धरून तो टिपला होता. जगात ही एकच प्रत. ती स्टीलच्या गोल डब्यात, देवघरात, बाळकृष्णाच्या मागे असे. दसऱ्याला मावशी कात्री, सुरी, काकांचा पाना यांच्याबरोबर त्या डब्यालाही हळदकुंकू वाहत.

मात्र ही कॅसेट कुणी ऐकली नव्हती. काकांनी टिपल्यावर एकदा लावली, मिनिटभर ऐकली आणि बंद केली ती कायमची. कारण ती खराब झाली होती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही कथा ऐकावी लागे. ‘‘असा तो थांबला होता, आयुष्यातला सर्वात मोठा थांबा, अन् त्याच टायमाले हिच्या कुकरची शिट्टी! सत्यानाश.’’ मावशी त्या वेळी पाहुण्यांना चिवडा देत असत.  चाळीस वर्षं त्या कुकरचा आरोप त्यांनी निमूट सोसला.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात घर विकायचं ठरलं. काकांच्या गुडघ्यांना जिने झेपेनात, आणि त्यांच्या मुलीनं आमच्या जवळच, ओकव्हिलमध्ये, त्यांच्यासाठी एक काँडो, म्हणजे फ्लॅट, पाहिला. दोन खोल्या, तळघर नाही. मुलीचं म्हणणं सरळ होतं. ‘‘बाबा, एवढ्या टेप्स कुठे ठेवणार? इट्स ऑल ऑनलाइन नाऊ. ऑनेस्टली, नोबडी केअर्स.’’ ती वाईट मुलगी नाही. सगळं डोनेट करायला तिनं तीन ठिकाणी फोनही केले. तिन्ही ठिकाणांनी आभार मानले आणि नको म्हणाले.  शनिवारभर त्यांनी टाय लावून आपल्या हातांनी तळघरातल्या कॅसेट खोक्यांत भरल्या आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवल्या. फक्त वही आणि स्टीलचा डबा ठेवला.

त्याच सुमाराला त्यांना कुठेतरी वाचायला मिळालं, की पुसले गेलेले जुने कार्यक्रम जगभरातल्या हौशी लोकांकडून गोळा करणारी एक छोटी संस्था लंडनमध्ये आहे. काकांनी त्यांना पत्र लिहिलं. तिथल्या बाईंचं उत्तर आलं, की हा भाग आम्ही वीस वर्षं शोधतो आहोत, पण इतक्या जुन्या घरगुती टेपमधून सहसा काही ऐकू येत नाही. आधी एक डिजिटल प्रत पाठवा, ऐकण्याजोगी असेल तर ठेवून घेऊ. काकांचा मला फोन आला. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

‘‘जवाईबापू, तुम्ही सॉफ्टवेअरवाले. कुकर काहाडता येते का?’’

‘‘बघू या, काका. आधी टेप चालते का बघू.’’

‘‘नाही चालली तं?’’

  मग तेच म्हणाले, ‘‘नाही चालली तं पोरीचं बरोबर हाय म्हणायचं. चाळीस वर्षं एक माणूस खाली बसून काय करून राह्यला होता, तं काहीच नाही.’’

ते दोघं रेल्वेनं आले. डबा काकांच्या मांडीवर. वर सामानाच्या फळीवर ठेवू का, असं विचारणाऱ्या तिकीट तपासनिसाला त्यांनी उमरावी इंग्रजीत असं काही सुनावलं, की त्यानं पुढच्या स्टेशनपर्यंत त्यांना चहा आणून दिला, असं मावशींनी सांगितलं. मी जुन्या सामानाच्या दुकानातून एक कॅसेट डेक आणून, साफ करून, कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता. रविवारची दुपार होती. बायको आणि मावशी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होत्या. काका बसायला तयार नव्हते. हात मागे बांधून भिंतीशी उभे राहिले, मुलाखतीला राहिले होते तसे.

मी बटण दाबलं. आधी बराच वेळ नुसती खरखर. काकांनी डोळे मिटले. मग, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका बाईचा आणि एका पुरुषाचा इंग्रजी आवाज. नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं, बहुधा मिठावरून. आवाज स्वच्छ होता. चाळीस वर्षं बाळकृष्णाच्या मागे राहून टेपला काहीही झालं नव्हतं. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही. दाराची घंटा वाजली, दार उघडलं, पावलं आत आली. तोच तो, मीटरवाला. भांडण एकदम थांबलं. कुणीच काही बोलेना. एक सेकंद. दोन सेकंद.

आणि त्या शांततेत कुणीतरी हसलं. लंडनमध्ये नव्हे, इथे, माईकच्या अगदी जवळ. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचं, तोंडावर हात न घेता, पोट धरून हसलेलं हसू. त्यानंतर मीटरवाला म्हणाला, ‘‘तुम्ही आधी संपवताय, की मी मीटर पाहून घेऊ?’’ आणि मग, सगळं झाल्यावर, लंडनचे तिकीट काढून आलेले लोक हसले.

त्यांच्या हशावर एका तरुण पुरुषाचा आवाज आला. शूऽऽ! आणि मग मराठीत, दात आवळून, ‘‘अवं, गप बस नं!’’

त्यापुढची सगळी टेप आम्ही ऐकली. मीटरवाल्याची उरलेली मिनिटं अप्रतिम होती, असं म्हणतात. आमच्यापैकी कुणी ती ऐकत नव्हतं. ते हसू पुन्हा आलं नाही. कुकरही शेवटपर्यंत वाजला नाही.

‘‘कोण होतं ते?’’ काकांनी विचारलं.

‘‘अहो काका, मावशी आहे ती,’’ माझी बायको म्हणाली.

काका वळले. मावशींच्या हातात मटारची शेंग होती. ‘‘मले तं कुकर याद हाय,’’ काका म्हणाले.

‘‘कुकर आपण दोन वर्षांनी घेतला.’’

‘‘तुले काय समजलं त्यात हसायले? तो काही बोललाच नव्हता अजून!’’

‘‘बोलायचं काय त्यात,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘त्याच हप्त्यात आपल्याकडे नव्हता का आला मीटरवाला? तुम्ही वरणातल्या मिठावरून बोलून राह्यले होते मले. तो तसाच उभा राह्यला दारात, टोपी हातात धरून. मले वाटलं, त्यानं विचारलं तेच आता हा बी विचारते.’’

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. हा थांबा मात्र नटाचा नव्हता.

‘‘मंग मले सांगितलं काहून नाही? एवढी वर्षं?’’

‘‘तुम्ही म्हणाले गप बस,’’ मावशींनी शेंग सोलली. ‘‘मी बसली.’’

मी लंडनला प्रत पाठवली. चार दिवसांत बाईंचं उत्तर आलं. त्यांचा आनंद कागदावर मावत नव्हता. इतकी चांगली प्रत त्यांनी अपेक्षिलीच नव्हती. एकच शंका त्यांनी नम्रपणे विचारली होती, की एका ठिकाणी घरातल्या कुणाचा तरी हशा आला आहे, तो आम्हाला तांत्रिक सफाईनं काढून टाकता येईल, तर तसं करावं का? चाळीस वर्षं काकांना नेमकं हेच हवं होतं. उत्तर लिहायला त्यांनी तीन दिवस घेतले. अस्सल दिवाणखान्यातल्या इंग्रजीतलं ते पत्र टाइप मी केलं, म्हणून मला त्यातला मजकूर माहीत आहे. महोदया, असं त्यात होतं, सदर हशा काढू नये. मी आयुष्यभर या नटांच्या थांब्यांचा अभ्यास केला आहे. या ध्वनिफितीवर थांबा समजलेली व्यक्ती एकच आढळते, आणि ती मी नव्हे. तरी कलाकारांच्या यादीत तिचं नाव घालावं अशी विनंती आहे. जागा शेवटची चालेल. किंबहुना शेवटचीच असावी. शूऽऽ करणाऱ्या इसमाच्या नावाची आवश्यकता नाही.

बाईंनी नाव घातलं. इंग्रज माणसाला अशा गोष्टी पटकन समजतात, किंवा त्यांना काका वेडे वाटले असतील, काहीही असो. मूळ कॅसेट लंडनला गेली, आणि यादी छापून मी काँडोवर नेऊन दिली. मावशींनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली.

‘‘हे मीटरवाल्याच्या खाली आहे का?’’

‘‘लगेच खाली,’’ काका म्हणाले.

‘‘मग ठीक आहे,’’ म्हणून त्यांनी कागदाची घडी केली आणि देवघरात रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवली.

परवाच्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. काँडोत जागा कमी, त्यामुळे सोफा एकच. मावशी आता टीव्हीकडे तोंड करून बसतात; चित्रपट तेच, फक्त आता ऑनलाइन. काका त्यांच्या शेजारी असतात, पण तिरके, म्हणजे पडद्याकडे अर्धवट पाठ करून. सगळे संवाद पाठ असल्यामुळे त्यांचं काही अडत नाही. पडद्यावर कुणी पाद्री आत येतो, छत्री मिटतो, थांबतो. आणि काका पाहत असतात मावशींच्या चेहऱ्याकडे, आता येईल, आता येईल म्हणून. चाळीस वर्षांत किती वेळा आलं असेल आणि ते मेथीच्या जुडीत गेलं असेल, याची नोंद त्यांच्या जाडजूड वहीत नाही आणि ती लंडनमध्येही कुणाकडे सापडायची नाही. मावशींचं हसू आता तसं राहिलेलं नाही. मध्येच खोकला येतो, डोळ्यांतून पाणी येतं. पण वेळ चुकत नाही. पाद्र्यानं तोंड उघडायच्या आत त्या हसतात. आणि दर वेळी काकांचं बोट जुन्या सवयीनं वर उठतं, ओठांपर्यंत जातं, तिथे क्षणभर थांबतं, आणि मग उगीच मिशी खाजवून गुडघ्यावर परत येतं.